दंडाला पट्टा कोणी बांधायचा?

हल्ली एक मत फार ठासून मांडलं जातं. वसईच्या होळी बाजारात औषधाच्या दुकानासमोर ते ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं आणि डॉक्टरांच्या परिसंवादात तर टाळ्यांसकट ऐकू येतं. मत असं: वस्त्यांमधल्या आणि पाड्यांवरच्या लोकांचं ब्लडप्रेशर आशाताईंच्या हवाली करणं म्हणजे गरिबांच्या तोंडाला पानं पुसणं. दहावी झालेल्या बाईच्या हातात मशीन देऊन बीपी आटोक्यात येत असतं, तर आम्ही एमडी कशाला झालो? पैसेवाल्याला कार्डिओलॉजिस्ट आणि गरिबाला आशाताई, हा कुठला न्याय? शिवाय त्या लोकांना गोळ्या द्या नाहीतर देऊ नका, ते घेणारच नाहीत. त्यांना शिस्त नसते. त्यापेक्षा एखादं मोठं हॉस्पिटल बांधा, शिबिरं भरवा, मोबाइलवर ॲप द्या.

यातली गंमत पाहा. गरिबाला न्याय मिळावा म्हणून गळा काढणारा माणूस पुढच्याच वाक्यात त्याच गरिबाला बेशिस्त ठरवून मोकळा होतो. दोन्ही वाक्यांत एकच गोष्ट मात्र सारखी आहे: दोन्हींचा शेवट ‘म्हणून आत्ता काही करायला नको’ असाच होतो.

आधी एक जुनी समजूत निकालात काढू, कारण ती या मताच्या तळाशी अजून बसलेली आहे. बीपी हा बसून खाणाऱ्यांचा, टेन्शनवाल्यांचा, शहरी आजार आहे म्हणे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मृत्यूचं सर्वांत मोठं कारण ना हिवताप निघालं, ना क्षय. पहिला क्रमांक पक्षाघाताचा होता. सातातला एक मृत्यू त्याने झालेला. गडचिरोलीत कोण बसून खातं? पक्षाघाताच्या मुळाशी सर्वांत मोठं कारण वाढलेला रक्तदाब असतो, हे वैद्यकाच्या पहिल्या पुस्तकात लिहिलेलं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या प्रौढ पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के उच्च रक्तदाबाचे निघाले. हे सगळे काही बंगल्यांत राहत नाहीत. वसई-विरार पट्ट्यात ते संतोष भुवनच्या चाळींत राहतात, वालीवच्या गाळ्यांत यंत्रं चालवतात, पाचूबंदरला बोंबील सुकत घालतात आणि पूर्वेच्या पाड्यांवरून रोज कामाला उतरतात.

आता पहिला मुद्दा. बीपी मोजणं हे डॉक्टरांचं काम आहे, बाईचं नाही.

बरं. डॉक्टर ते कसं मोजतात? नियम सर्वांना पाठ आहे: माणसाने पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, मोजताना बोलू नये, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, आणि निदान दोनदा मोजावं. आता कुठल्याही गल्लीतला गजबजलेला दवाखाना डोळ्यांसमोर आणा. बाहेर रांग, आत पेशंट स्टुलावर टेकतो न टेकतो तोच सदऱ्याच्या बाहीवरून पट्टा, फुस्स, ‘थोडं वाढलंय’, आणि पुढचा. यात डॉक्टरांचा दोष आहे असं मी म्हणत नाही. रांग त्यांनी लावलेली नसते. पण या तीस सेकंदांच्या उरकाउरकीला ‘शास्त्रीय मापन’ म्हणायचं आणि पेशंटच्या ओट्यावर बसून दहा मिनिटं देणाऱ्या बाईच्या मापनाला ‘धोकादायक’, हा विनोद कुणाच्या खर्चाने चालला आहे? यंत्र आता पाऱ्याचं उरलेलं नाही. बटण दाबायचं आणि आकडा वाचायचा. डॉक्टरसमोर बसल्यावर बीपी उगाचच चढणारे लोक पुष्कळ असतात, म्हणून घरी घेतलेलं मोजमाप अनेकदा जास्त भरवशाचं ठरतं, हेही याच मंडळींच्या पाठ्यपुस्तकात आहे.

आणि स्मरणशक्तीचं काय? सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. आशाताई दारोदार फिरत होत्या, बोटाला ऑक्सिमीटर लावत होत्या, ताप मोजत होत्या, आकडे वहीत लिहीत होत्या. तेव्हा मोठमोठ्या सोसायट्यांचं गेट त्यांना बंद होतं ते संसर्गाच्या भीतीने. त्यांना आकडा वाचता येत नाही, असं त्या वेळी एकाही तज्ज्ञाने म्हटल्याचं आठवत नाही. मृत्यू आपल्या दाराशी आला की आशाताई प्रशिक्षित असते. तो पलीकडच्या वस्तीत असला की ती अडाणी होते.

हा आक्षेप नवाही नाही. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्या, बहुतेक निरक्षर आणि अनेक दलित असलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं, तेव्हाही हेच विचारलं गेलं होतं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मग गडचिरोली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाल्यावर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. इंजेक्शन! आणि तेही तान्ह्या बाळाला! त्याचं पुढे काय झालं, ते १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापलेलं आहे: त्या गावांमधला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. २०११ पासून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम देशभर आशाताईंमार्फतच राबवला जाऊ लागला. ज्या बाईच्या हातात आपण तीन किलोचं आजारी बाळ सोपवतो, तिच्या हातात साठ किलोच्या माणसाचा दंड सोपवताना आपल्याला घाम फुटतो. का?

दुसरा मुद्दा जास्त बोचरा आहे आणि खरा राग त्याचाच येतो. ‘ते लोक गोळ्या घेत नाहीत.’

बीपीचं वैशिष्ट्य असं की ते दुखत नाही. गुडघा दुखला तर माणूस उधारी करून डॉक्टरकडे जातो. बीपी १७० असलेली कोळीण मात्र डोक्यावर पाटी घेऊन ठणठणीत चालते. तिला तुम्ही सांगता की रोज एक गोळी, जन्मभर. पहिल्या महिन्याच्या गोळ्या सरकारी रुग्णालयातून मिळतात. दुसऱ्या महिन्यात त्या आणायच्या तर सकाळी केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, मग ओपीडीची रांग, मग औषधाच्या खिडकीची. तोवर बाजार उठलेला असतो. म्हणजे फुकटच्या गोळीची किंमत एक दिवसाची मच्छी. गाळ्यावर काम करणाऱ्याची किंमत एक हजेरी, आणि दोन खाडे झाले तर मुकादम दुसरा माणूस बघतो. ही किंमत दर महिन्याला, वर्षानुवर्षं, आपल्याला न दुखणाऱ्या आजारासाठी, आपल्यापैकी किती शिस्तप्रिय लोकांनी मोजली असती? आपली गोळी घरपोच येते. संपली की दुकानदार व्हॉट्सॲपवर विचारतो. त्या सोयीला आपण शिस्त म्हणतो.

गोळ्या सुटण्याची कारणं साधी असतात आणि ती दवाखान्यात बसून कधीच कळत नाहीत. कुणी गणपतीला कोकणात जातं, कुणी छठला बिहारला, आणि महिनाभराने परत येतं तेव्हा पाकीट संपलेलं असतं. कुणाला शेजारीण सांगते की एकदा चालू केली की सुटत नाही, म्हणून चालूच करू नको. कुणाचं बीपी गोळीने उतरलं, म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणत त्याने गोळी बंद केली. कुणाच्या पायाला सूज आली, जी ॲम्लोडिपिनने येऊ शकते, आणि त्याने कुणाला न विचारता औषध सोडलं. कुणी नाक्यावरच्या ‘डॉक्टर’कडे गेलं आणि सलाईन लावून घेतलं. बोगस डॉक्टरांवरच्या कारवायांच्या बातम्या आपल्या भागात नव्या नाहीत. ‘आशाताई डॉक्टर नाही’ म्हणून व्याकूळ होणाऱ्यांना विचारायला हवं की आज तिच्या जागी तिथे कोण बसलेलं आहे, असं त्यांना वाटतं? हृदयरोगतज्ज्ञ?

यातलं प्रत्येक कारण दारात उभं राहून पाच मिनिटं बोलल्यावर सुटू शकतं. त्यासाठी रक्तवाहिन्यांचं शास्त्र येण्याची गरज नाही. ते घर माहीत असावं लागतं. मिठाचंच घ्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. डॉक्टर सांगतात, ‘मीठ कमी करा’, आणि बाई मान डोलावते. राजावली-जूचंद्रच्या मिठागरांच्या या मुलुखात ते वाक्य कानावरून वाहून जातं. गल्लीतलीच ताई असेल तर ती म्हणते, ‘खारवलेला बांगडा महिन्यातून एकदा कर, सुकट नुसती धुऊन घे, लोणच्याची बरणी सासऱ्यांच्या समोरून उचल आणि भाकरीच्या पिठात मीठ टाकणं बंद कर.’ पहिला उपदेश झाला, दुसरा उपचार. आणि संतोष भुवनमध्ये हेच भोजपुरीत सांगावं लागतं, पाड्यावर वारलीत. कुठल्या सुपर-स्पेशालिटीत ही सोय आहे?

हा सगळा भाबडा आशावाद आहे, पुरावा कुठे आहे, असं कुणी म्हणेल. पुरावा इतका आहे की तो न वाचण्यासाठीच कष्ट घ्यावे लागतील. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या ३० ग्रामीण भागांत २,६४५ रुग्णांवर एक चाचणी झाली. निष्कर्ष २०२० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. सरकारच्याच गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन बीपी मोजलं, समजावलं, गरज असेल त्याला डॉक्टरकडे धाडलं. दोन वर्षांनी त्या गावांतला वरचा आकडा नेहमीची सेवा मिळालेल्या गावांपेक्षा सरासरी ५ ने जास्त उतरला होता. अर्जेंटिनात गरीब वस्त्यांमधल्या १,४३२ जणांवर असाच प्रयोग झाला. फरक साडेसहाच्या आसपास. चीनमध्ये ३२६ खेड्यांत, जवळजवळ ३४ हजार माणसांवर, गावच्या ‘डॉक्टरां’नी (एके काळच्या अनवाणी डॉक्टरांचे हे वारस) ठरलेल्या पद्धतीने औषधं दिली आणि पाठपुरावा केला. तीन वर्षांत तिथे पक्षाघात, हृदयविकार आणि त्यांचे मृत्यू मिळून प्रमाण एक तृतीयांशाने कमी झालं.

‘पाच म्हणजे काय मोठंसं’ असं कुजबुजणाऱ्यांसाठी: ४८ चाचण्यांमधल्या साडेतीन लाखांच्या आसपास माणसांची माहिती एकत्र करून २०२१ साली निघालेला हिशेब असा की वरचा आकडा ५ ने उतरला तर पक्षाघात १३ टक्क्यांनी कमी होतात. एका माणसाला हा फरक जाणवणारही नाही. बारा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या (आणि हा २०११ चा आकडा आहे) वसई-विरार महापालिकेला मात्र तो दिसायला हवा.

आपल्याकडे काही झालंच नाही असंही नाही. २०१८ पासून सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम चालू झाला. त्यात नवं औषध शोधलेलं नव्हतं. पायऱ्या ठरवून दिल्या: आधी ही गोळी, महिनाभराने आकडा उतरला नाही तर ही वाढवा, तरीही नाही तर तिसरी. महिन्याच्या गोळ्या एकदम द्या, आणि माणसाला जिल्ह्याला न पळवता घराजवळच्या उपकेंद्रात बोलवा. पुढे तो देशभर पसरला, लाखो लोक त्यात नोंदले गेले आणि २०२२ साली संयुक्त राष्ट्रांनी त्याचा गौरव केला. आपले तज्ज्ञ परदेशातल्या परिषदांत या उपक्रमाचा अभिमानाने उल्लेख करतात. घरी आल्यावर पुन्हा विचारतात, आशाताईला काय कळतं?

विरोधकांच्या भात्यात एक बाण खरोखर टोकदार आहे, पण तो ते क्वचित काढतात, कारण तो उलटतो. आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण भागात आशांना टॅबलेट देऊन असाच एक प्रयोग झाला. आशांनी आपलं काम नीट केलं, धोक्यातली माणसं शोधली, पुढे पाठवली. तरीही बीपी आटोक्यात येण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. का? पुढे डॉक्टरच्या जागा रिकाम्या होत्या आणि औषधं अपुरी होती. तशीच पद्धत इंडोनेशियात औषधांच्या पुरवठ्यासह वापरली तेव्हा ती चालली. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार? यावरून आशा निरुपयोगी ठरते की ज्यांनी गोळ्या पोचवायच्या होत्या ते?

शिबिरांबद्दल थोडक्यात. निवडणूक जवळ आली की मंडप पडतो, बॅनरवर नेत्याचा चेहरा मशीनपेक्षा मोठा असतो, हजार लोकांचं बीपी मोजलं जातं, चिठ्ठीवर १८०/११० लिहून हातात दिली जाते आणि संध्याकाळी मंडप उतरतो. ज्याला आकडा कळला त्याचं पुढच्या मंगळवारी काय, हे विचारायला तिथे कुणी उरत नाही. ॲपचंही तेच. न दुखणाऱ्या आजाराची आठवण करून देणारं नोटिफिकेशन बाजूला सारायला अंगठा पुरतो. दारात उभ्या असलेल्या ओळखीच्या बाईला बाजूला सारणं जरा अवघड जातं.

आणि मोठं हॉस्पिटल? हवंच आहे. वसईच्या पेटिट रुग्णालयावरचा भार पाहिला की आणखी खाटा हव्यात, याबद्दल वाद नाही. पण हिशेब कसा चालतो तो पाहा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. त्यात डायलिसिस आहे, अँजिओप्लास्टी आहे. मूत्रपिंड निकामी झाल्यावर आठवड्याला दोनतीनदा डायलिसिस करायला सरकार तयार आहे. ते निकामी होऊ नये म्हणून लागणाऱ्या, सरकारी खरेदीत वर्षाला काहीशे रुपयांत बसणाऱ्या गोळ्या घरापर्यंत पोचवायच्या म्हटलं की तिजोरीची चावी सापडत नाही. छत गळतंय म्हणून खालच्या बादल्या मोठ्या करत जायचं, आणि कौल बदलायला चढणाऱ्या बाईला शिडी द्यायची नाही, असा हा कारभार आहे.

राहिला तो आक्षेप सहानुभूतीवाल्यांचा. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, त्यात हे कशाला? हे म्हणणारे अनेक जण मनापासून म्हणतात. पण बाळंतपण, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, सर्वेक्षणं, मतदारांच्या आणि कसल्याकसल्या याद्या हे सगळं चढवताना ही करुणा कुठे होती? तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा तपासणी फॉर्म भरल्याबद्दल आशाला मिळतात दहा रुपये. दहा. एवढ्यात होळी बाजारात कटिंग चहा येतो की नाही, विचारून या. तिला ‘स्वयंसेविका’ म्हणायचं म्हणजे पगार द्यावा लागत नाही, निवृत्तिवेतन नाही, आजारपणाची रजा नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाख आशांचा जागतिक सन्मान केला, सगळ्यांनी अभिनंदनाची ट्वीटं केली. आणि त्यानंतर दीडेक वर्षातच महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला, आझाद मैदानात थंडी-उन्हात बसावं लागलं, तेव्हा मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने पाच हजारांची वाढ मंजूर केली. कामाचा बोजा हा तिला पूर्ण पगार देण्याच्या बाजूचा युक्तिवाद आहे. बीपीचं मशीन काढून घेण्याच्या बाजूचा तो होतो कसा?

एक अडचण मात्र खरी आहे आणि तिचा उल्लेख विरोधक करत नाहीत, कारण ती कळायला वस्तीत जावं लागतं. आशाताई सकाळी अकराला जाते तेव्हा घरी बायका असतात. पुरुष पहाटेच्या विरार लोकलला लोंबकळून गेलेले असतात किंवा गाळ्यावर असतात, आणि ज्यांना चाळिशीतच लकवा मारतो त्यांत तेच पुष्कळ असतात. म्हणून मशीन संध्याकाळी नाक्यावर हवं, रविवारी हवं, वालीव-सातिवलीच्या गाळ्यांच्या दारात जेवणाच्या सुट्टीत हवं. त्या वेळेचे जादा पैसे द्यावे लागतील. द्या.

म्हणून मागणी काटेकोरपणे सांगतो, म्हणजे पुढच्या परिसंवादात ती वाकवता येणार नाही. निदान डॉक्टर करतील, औषधही डॉक्टरच सुरू करतील; ते आशाने करावं असं कुणी म्हटलेलंच नाही. त्यानंतर दर महिन्याला मोजणं, गोळ्यांचं पाकीट घरी देणं, चुकली तर का चुकली हे शोधणं, आकडा १८० च्या पुढे दिसला किंवा तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला तर त्याच घटकेला रिक्षात घालून रुग्णालयात धाडणं, हे तिचं काम. तिच्या पिशवीत तपासून प्रमाणित केलेलं मशीन आणि जाड दंडासाठी मोठा पट्टा. तिच्या मागे फोन उचलणारा एक डॉक्टर आणि कधीही न संपणारा तीन प्रकारच्या गोळ्यांचा साठा. तिच्या हातात दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार, मानधन नव्हे. आणि महापालिकेच्या फलकावर दर तीन महिन्यांनी जाहीर केलेला एक आकडा: आपल्या वस्त्यांमधल्या नोंदलेल्या माणसांपैकी किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आहे. शिबिरं किती झाली हा नव्हे, फॉर्म किती भरले हाही नव्हे.

यातली नेमकी कुठली गोष्ट अशास्त्रीय आहे, कुठली गरिबांचा अपमान करणारी आहे आणि कुठली महापालिकेला परवडणार नाही, हे आता आक्षेप घेणाऱ्यांनी एकेक करून सांगावं.